सोळावा कंस: कर्नेलच्या बूट कॉन्फिगरेशनचा एक पॅच तपासताना

मे ते ऑगस्ट असे साधारण तीन महिने मी लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एका पाच ओळींच्या बदलामागे होते. तो बदल (अशा बदलाला पॅच म्हणतात) मी लिहिलेला नव्हता. मी फक्त तो वाचला, चालवून पाहिला आणि काय दिसलं ते कळवलं. सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल वाचायला फारसं काही मिळालं नाही आणि इंग्रजीत जे मिळालं त्यात घाबरायला काय काय होतं ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून तारखा, खर्च आणि चुका सगळं लिहून ठेवते आहे.

मी सोलापुरात राहते, जुळे सोलापूरला. सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम करते. सी भाषा कॉलेजात शिकले होते, नंतर हात लागला नव्हता. लिनक्स रोज वापरते, पण कर्नेल म्हणजे मोठ्या लोकांचं काम अशी समजूत होती. पुण्यात नोकरी करणारी माझी कॉलेजची मैत्रीण म्हणाली, "अगं, तिथे पॅच लिहिणारे भरपूर आहेत. वाचणारे आणि चालवून बघणारे कमी पडतात. तुझं तर रोजचं कामच ते आहे." ते वाक्य डोक्यात राहिलं.

४ मेला ठरवलं, आणि विषय निवडला बूटकॉन्फिग. तो का, हे आधी सांगायला हवं.

मशीन सुरू होताना बूटलोडर कर्नेलला एक ओळ देतो. कुठली डिस्क, कुठला कन्सोल, काय चालू ठेवायचं, काय बंद, हे सगळं त्या एका ओळीत. एक्स८६ वर त्या ओळीची मर्यादा २०४८ अक्षरांची. नेहमीच्या वापराला तेवढी पुरते, पण बूट होतानाच ट्रेसिंग (आत काय घडतं त्याची नोंद) लावायचं असेल, दहा-पंधरा घटनांवर नजर ठेवायची असेल, तर ती ओळ वाचता येत नाही आणि पुरतही नाही. म्हणून मासामी हिरामात्सू यांनी बूटकॉन्फिग आणलं. ते २०२० साली कर्नेलच्या ५.६ आवृत्तीत आलं. यात सेटिंग एका वेगळ्या मजकूर फाइलमध्ये झाडासारखी लिहायची: शब्द, ठिपका, शब्द, किंवा महिरपी कंसात एकाखाली एक. ती फाइल इनिटआरडीच्या (बूट होताना सुरुवातीला मेमरीत घेतल्या जाणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिमच्या) शेपटाला जोडायची. जोडल्यावर त्यामागे मजकुराची लांबी, एक चेकसम (मजकूर बिघडलेला नाही ना हे पाहायची बेरीज) आणि अगदी शेवटी बारा बाइटांची खूण येते. कर्नेल सुरू होताना इनिटआरडीच्या टोकाला ती खूण शोधतं, मागे येत लांबी वाचतं, चेकसम जुळतो का पाहतं, आणि मग मजकूर उलगडतं. 'कर्नेल' या शब्दाखाली लिहिलेलं कर्नेलच्या ओळीत जातं, 'इनिट' या शब्दाखालचं पहिल्या प्रोसेसकडे. फाइलला ३२ केबीची मर्यादा, नोड (झाडातल्या गाठी) जास्तीत जास्त ८१९२, आणि एका किल्लीत, म्हणजे ठिपक्यांनी जोडलेल्या शब्दांच्या साखळीत, १६ शब्दांपर्यंत खोली.

मला हे आवडण्याचं कारण असं, की हा सगळा कोड एका फाइलमध्ये मावतो आणि एका माणसाला एका आठवड्यात वाचून होतो. शिवाय तीच फाइल कर्नेलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखीही कंपाइल होते. कर्नेलच्या टूल्स फोल्डरमध्ये बूटकॉन्फिग नावाचं छोटं साधन आहे, ते हाच पार्सर (मजकूर उलगडणारा कोड) वापरतं. म्हणजे बऱ्याच चाचण्या मशीन रीबूट न करता होतात. सुरुवात करणाऱ्याने असाच कोपरा शोधावा, जिथे कोड छोटा आहे आणि बाहेर काढून चालवता येतो.

६ मेला कर्नेलवाल्यांच्या सार्वजनिक मेल-पत्रव्यवहारात एक नवा पॅच दिसला. महिरपी कंस उघडणाऱ्या फंक्शनमध्ये बदल होता. त्या फंक्शनमध्ये एक छोटा अॅरे आहे, १६ घरांचा. कंस उघडला की त्याची नोंद पुढच्या घरात होते, मोजणी एकने वाढते, आणि त्यानंतर मोजणी १६ झाली का हे तपासलं जातं. झाली असेल तर चूक जाहीर करून थांबायचं. पॅचवाल्याचं म्हणणं: आधी लिहून मग तपासणं धोक्याचं आहे, अॅरेच्या बाहेर लिहिलं जाईल, म्हणून तपासणी वर घ्या. वाचल्याबरोबर पटलं. 'आधी तपास, मग लिही' हे तर आम्ही कंपनीत रोज सांगतो. मी त्याच दिवशी 'बरोबर वाटतं' असं कळवून मोकळी झाले असते. थांबले, कारण चालवून न पाहता असं म्हणायची मला सवय नाही.

पहिला अडथळा सामानाचा. माझा लॅपटॉप सात वर्षांचा, रॅम ४ जीबी. नवी पेठेतल्या एका दुकानात ८ जीबीची वापरलेली रॅम १,४०० रुपयांना मिळाली. बसवायचे १०० दिले. घरचं इंटरनेट महिना ५९० रुपयांचं, ते होतंच. कर्नेलचा सगळा इतिहास उतरवायला काही जीबी लागतात म्हणून मी फक्त शेवटच्या कमिटपुरती (नोंदवलेल्या शेवटच्या बदलापुरती) उथळ प्रत घेतली. तेव्हा शहाणपण वाटलं, पण पुढे ती अडचण झाली: या ओळी मुळात कधी आणि का लिहिल्या गेल्या हे पाहायला गेले तर इतिहासच नव्हता. पॅचमध्ये 'फिक्सेस' अशी ओळ होती, म्हणजे कुठल्या जुन्या कमिटमधली चूक दुरुस्त होते आहे त्याचा उल्लेख. तो खरा आहे का हे पाहणं तपासणाऱ्याचंच काम. ११ मेच्या रात्री उरलेला इतिहास उतरवायला लावला आणि झोपले. मध्ये वीज गेली. गिट (कोडचा इतिहास सांभाळणारं साधन) अर्धवट उतरवलेलं पुढे चालू ठेवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरवर राउटरही लावला, तेव्हा पहाटेपर्यंत झालं. तुम्ही करणार असाल तर पहिल्याच दिवशी पूर्ण प्रत घ्या आणि राउटरला बॅकअप द्या.

कंपाइल करण्याचंही वेळापत्रक लागतं. दुपारी पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप ठेवून मी पहिला प्रयत्न केला तेव्हा पाऊण तासाने तो तापून आपोआप बंद पडला. बाहेर ४३ अंश होतं. त्यानंतर रात्री दहानंतरच लावायचं ठरवलं, फरशीवर, खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून. डीफॉल्ट कॉन्फिगवर पहिल्या वेळी एक तास चाळीस मिनिटं लागली. नंतर बदललेल्याच फायली कंपाइल होतात, मग चार-पाच मिनिटांत काम होतं. एवढ्यासाठी बिल्डचं फोल्डर पुसू नका.

१३ मेला कर्नेलबाहेरचं साधन कंपाइल केलं आणि त्याच्यासोबत येणारी टेस्ट स्क्रिप्ट चालवली. त्या फोल्डरमध्ये नमुन्याच्या फायली असतात. नावाची सुरुवात 'गुड' असेल तर ती फाइल पास व्हायलाच हवी, 'बॅड' असेल तर नापास व्हायलाच हवी. स्क्रिप्ट शेवटी सगळ्या चाचण्या पास झाल्याचं सांगते. पॅच लावण्याआधी एकदा, लावल्यावर एकदा चालवली. दोन्ही वेळा पास.

इथे माझं रोजचं काम उपयोगी पडलं. आधीही पास आणि नंतरही पास, म्हणजे बदललेली जागा या चाचण्यांनी तपासलीच नाही. नमुन्यांची यादी पाहिली. खूप लांब किल्लीचा नमुना होता, जास्त शब्दांचा होता. कंसात कंस, त्यात कंस असा खोल नमुना मात्र नव्हता. तो मलाच लिहावा लागणार होता.

१५ मेच्या रात्री मी १४, १५, १६ आणि १७ कंसांच्या फायली तयार केल्या. हाताने कंस मोजताना दोनदा चुकले, म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. आधी जुना, पॅच न लावलेला कोड. १४ पास. १५ पास. १६ नापास, कंसांची खोली ओलांडल्याचा संदेश. १७ तसंच. मग ४० कंसांची फाइल दिली आणि साधन अॅड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा कंपाइल केलं. अॅरेच्या बाहेर एक बाइट जरी लिहिला गेला तरी हा सॅनिटायझर ओरडतो. तो गप्प होता.

याचा अर्थ पॅचवाला म्हणत होता तसा अॅरे ओलांडला जातच नव्हता. कागद घेऊन बसले. मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला कंस शून्य नंबरच्या घरात जातो, मोजणी १. पंधरावा कंस १४ नंबरच्या घरात, मोजणी १५. सोळावा कंस १५ नंबरच्या घरात जातो. ते शेवटचं घर आहे, पण घर आहे. मोजणी १६ होते, तपासणी लागते, चूक परत जाते आणि वरचा लूप तिथेच थांबतो. सतरावा कंस लिहिण्याची वेळ कधी येतच नाही. कोड दिसायला उलटा आहे, पण सुरक्षित आहे.

मग पॅच लावला आणि त्याच चार फायली दिल्या. तपासणी वर सरकली होती, पण आकडा तोच ठेवला होता. सोळाव्या कंसाच्या वेळी मोजणी असते १५. १५ म्हणजे १६ नव्हे, म्हणून तपासणी त्याला जाऊ देते. आतापर्यंत नापास होणारी १६ कंसांची फाइल पास झाली. शेवटच्या कंसात किल्ली ठेवली की मात्र नापास, पण वेगळ्या कारणाने: सतरा शब्द झाले म्हणून पुढची, झाड तपासणारी पायरी अडवत होती. म्हणजे 'धोका दुरुस्त करतो' म्हणणाऱ्या पॅचने, जिथे धोका नव्हताच तिथे, कर्नेल काय स्वीकारतं याची सीमा १५ वरून १६ वर नेली होती, आणि वर्णनात त्याचा शब्दही नव्हता.

रात्रीचा दीड वाजला होता. अप्पा पाणी प्यायला उठले. म्हणाले, "काय करायलीस गं एवढ्या रात्री?" मी कागदावरची घरं दाखवली. अप्पांनी तीस वर्षं पॉवरलूमवर काढली आहेत, चादरीच्या कारखान्यात. चष्मा लावून त्यांनी घरं बोटाने मोजली, एकदा शून्यापासून, एकदा एकपासून, आणि म्हणाले, "फणीत धागे भरताना आमी शेवटाकडनं परत मोजतो. सुरवातीला कुणी चुकत नाय, काठाला चुकतं." मग मी तेच केलं, मागून मोजलं. उत्तर तेच आलं.

पण एवढ्यावर लगेच कळवायचं नव्हतं. बाहेर चालवलेला पार्सर आणि बूट होताना चालणारा पार्सर एकच असला तरी आजूबाजूची परिस्थिती वेगळी असते. हा कोड चालतो तेव्हा कर्नेलचं नेहमीचं मेमरी वाटप सुरू झालेलं नसतं, आणि काम झालं की यातला बराचसा भाग मेमरीतून काढून टाकला जातो. म्हणून खऱ्या बूटमध्येही दिसायला हवं होतं. खरा लॅपटॉप धोक्यात न घालता ते क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या साधनावर) करता येतं. बिझीबॉक्स (लिनक्सच्या मूलभूत आज्ञा एकत्र देणारा छोटा प्रोग्रॅम) स्टॅटिक कंपाइल करायचं, त्याच्या भोवती पाच-सहा ओळींची इनिट स्क्रिप्ट लिहायची, सीपीआयओने (फायली एकत्र बांधणाऱ्या साधनाने) बांधायचं, की छोटं इनिटआरडी तयार. कन्सोल सिरियलवर वळवला की सगळे संदेश टर्मिनलवर येतात.

यात माझे चार दिवस गेले. पहिल्या वेळी चालवता येणारं इनिट सापडत नाही म्हणून कर्नेल पॅनिक, म्हणजे कर्नेल हात टेकून थांबलं. इनिट स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायची राहिली होती. दुसऱ्या वेळी बूट झालं, पण लॉगमध्ये संदेश: कमांड लाइनवर बूटकॉन्फिग आहे, प्रत्यक्षात बूटकॉन्फिग सापडलं नाही. यावर दोन रात्री गेल्या. मी साधनाने फाइल जोडत होते, आणि मग माझीच बिल्ड स्क्रिप्ट इनिटआरडी पुन्हा बांधत होती. जोडलेलं शेपूट प्रत्येक वेळी पुसलं जात होतं. जोडण्याची पायरी सगळ्यात शेवटी ठेवा, त्यानंतर इनिटआरडीला हात लावू नका. आणि साधनाला नुसतं इनिटआरडी दिलं की त्यात काय जोडलेलं आहे ते दिसतं. बूट करण्याआधी ते एकदा पाहा, माझ्या दोन्ही रात्री वाचल्या असत्या. उलटी चूकही होते: फाइल जोडली, पण कर्नेलच्या ओळीत बूटकॉन्फिग हा शब्द द्यायला विसरलं, तर कर्नेल त्याकडे पाहतच नाही. तो शब्द न देताही चालावं असा वेगळा पर्याय कॉन्फिगमध्ये आहे, पण तपासताना शब्द देऊनच तपासलेलं बरं.

२० मेच्या रात्री पहिल्यांदा सगळं जुळलं. लॉगमध्ये इतके बाइट, इतके नोड लोड केले असा संदेश आला, आणि प्रॉक फोल्डरमधल्या बूटकॉन्फिग नावाच्या फाइलीत माझ्या पंधरा शब्दांच्या खाली ठेवलेली किल्ली एका ओळीत, ठिपक्यांनी जोडलेली दिसली. मी ती ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवली आहे. त्याआधी दोन आठवडे मी फक्त दुसऱ्याचा कोड वाचत होते. त्या ओळीत मी लिहिलेली अक्षरं कर्नेलच्या पोटातून जाऊन बाहेर आली होती. जुन्या कर्नेलवर १६ वाली फाइल पार्स होत नाही असा संदेश आला, पॅच लावलेल्यावर लोड झाली. बाहेर जे दिसलं तेच आतही.

आता कळवायचं होतं, आणि इथे मी सगळ्यात जास्त घाबरले. ज्याने पॅच पाठवला तो मला माहीत नाही, माझ्यापेक्षा नक्कीच जास्त शिकलेला असणार असं वाटत होतं. मी लिहिलेलं कायम सगळ्यांना दिसणार. माझं इंग्रजी चुकलं तर? मोजणीच चुकली असेल तर? २१ पासून २३ पर्यंत मी एकच मेल लिहीत आणि पुसत होते. शेवटी मैत्रिणीने फोनवर सांगितलं, "मत लिहू नकोस. काय केलंस आणि काय दिसलं ते लिही. मग विचार, हे असंच हवं आहे का." त्यानंतर मेल अर्ध्या तासात झाला.

मेलचे काही नियम आहेत, ते पाळले नाहीत तर मेल पोचतच नाही. साधा मजकूर लागतो. मोबाइलच्या अॅपमधून पाठवलेला माझा पहिला मेल एचटीएमएल होता म्हणून परत आला. उत्तर वर लिहायचं नाही, ज्या ओळीबद्दल बोलता आहात ती ओळ ठेवून तिच्याखाली लिहायचं आणि बाकीचा मजकूर कापायचा. टर्मिनलमधून मेल पाठवायला जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड काढावा लागतो. आणि आधी स्वतःलाच एक मेल पाठवून पाहा. मी पाहिला, तेव्हा लांब ओळी मधूनच तुटत होत्या हे कळलं.

२४ मेला पाठवलेल्या मेलमध्ये तीन गोष्टी होत्या. एक, जुन्या कोडमध्ये ४० कंसांपर्यंत सॅनिटायझरला काही सापडलं नाही, सोळाव्या कंसावर काम थांबतं, तेव्हा वर्णनात ओव्हरफ्लो (अॅरे ओलांडणं) म्हटलंय ते मला दिसत नाही, मी काही चुकते आहे का. दोन, पॅचनंतर १६ रिकामे कंस पास होतात, आधी होत नव्हते, हा बदल मुद्दाम आहे का. तीन, माझ्या चार फायली आणि त्या चालवण्याची पद्धत, म्हणजे दुसऱ्या कुणालाही पाहता येईल. 'फिक्सेस' ओळीबद्दलही एक वाक्य लिहिलं. धोका नसेल तर ती ओळ जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना उगाच कामाला लावते. तो बदल जुन्या कर्नेलांत ओढला गेला असता, तर सीमा तिथेही सरकली असती.

मग वाट पाहणं. दोन दिवस दर तासाला मेल उघडत होते. नंतर समजलं की त्याच सुमारास मर्ज विंडो उघडली होती. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे पुढच्या आवृत्तीचे बदल आत घेतले जातात. त्या काळात मेंटेनर, म्हणजे कर्नेलचा एकेक भाग सांभाळणारे लोक, गुंतलेले असतात, नव्या पॅचकडे बघायला वेळ नसतो. त्यानंतर दर आठवड्याला एक आरसी (चाचणीसाठीची आवृत्ती), अशी सात-आठ झाली की पुढची आवृत्ती. हे चक्र नऊ-दहा आठवड्यांचं. आठवडाभर तरी आठवण करून देऊ नये असं कर्नेलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे, आणि मर्ज विंडोमध्ये तर अजून थांबावं. हे माहीत नव्हतं तोवर मी रोज समजत होते की माझं काहीतरी भयंकर चुकलं आहे.

९ जूनला उत्तर आलं. कंपनीत जेवणाची सुट्टी होती, डबा तसाच ठेवून वाचलं. पॅचवाल्याने लिहिलं होतं की मोजणी बरोबर आहे, ओव्हरफ्लो नाही, त्याने कोड नुसता वाचून अंदाज केला होता. सीमा सरकते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तरीही लिहिण्याआधी तपासणं वाचणाऱ्याला सोपं जातं, म्हणून सीमा तीच ठेवून दुसरी आवृत्ती पाठवतो, आणि या फायली नमुन्यांत घालू का, असं त्याने विचारलं होतं. दोन ओळींत आभार होते. रागाचा एक शब्द नव्हता.

दुसरी आवृत्ती १७ जूनला आली. पहिल्या पावसाने हवा उतरली होती, आता दुपारीही कंपाइल करता येत होतं. यात तपासणी वर होती आणि तुलना एकने कमी केलेली. वर्णनातून ओव्हरफ्लो आणि 'फिक्सेस' दोन्ही गेले होते. सोबत दोन नमुने: १५ कंसांचा 'गुड', १६ चा 'बॅड'. मी सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या आवृत्तीतही नव्याने चुकू शकतं, त्यामुळे पहिल्या वेळी पाहिलं होतं म्हणून सोडायचं नाही. पॅच न लावता, लावून, सॅनिटायझर लावून, क्यूईएमयूवर. शिवाय नवा नमुना खरंच काम करतो का हे पाहायला पहिल्या आवृत्तीचा पॅच लावून नवी टेस्ट चालवली. ती नापास झाली. नापास व्हायलाच हवी होती, त्यासाठीच ती लिहिली आहे. टेस्ट तपासायची माझी ही पद्धत कंपनीतली, कर्नेललाही तशीच लागू पडली.

आता पॅचच्या खाली माझ्या नावाने काय लिहायचं हा प्रश्न होता. कर्नेलमध्ये 'टेस्टेड-बाय' म्हणजे मी हे अमुक ठिकाणी चालवलं आणि चाललं. 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला, माझ्या शंका मिटल्या, आणि हा आत घेण्याजोगा आहे असं माझं मत आहे. या दुसऱ्या ओळीची जबाबदारी मोठी. पाच ओळी मला समजल्या होत्या, पण हा बदल घ्यायलाच हवा का, हे ठरवण्याइतका हा सगळा भाग मी ओळखत नव्हते. २१ जूनला मी फक्त 'टेस्टेड-बाय' दिलं, आणि कुठल्या मशीनवर, कशा तऱ्हेने चालवलं ते चार ओळींत लिहिलं. मैत्रीण म्हणाली दोन्ही द्यायला हवे होते. मला अजूनही वाटतं की जेवढं केलं तेवढंच लिहावं.

पुढे मेंटेनरकडून वर्णनातला एक शब्द बदलायची सूचना आली, तिसरी आवृत्ती आली. कोड तोच होता, त्यामुळे पॅचवाल्याने माझी ओळ तशीच पुढे नेली. तसं चालतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पॅच मेंटेनरच्या शाखेत घेतल्याचा मेल आला. जुलैअखेरीस मर्ज विंडो उघडली, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली आरसी निघाली.

खर्च मोजला तर रॅम आणि मजुरी १,५००, आणि घरच्या इंटरनेटचं जे बिल भरतेच ते. वेळ मोजला तर रात्रीचे साधारण साठ-पासष्ट तास. त्यातले निम्मे तयारीत गेले, ते दुसऱ्या वेळी लागणार नाहीत. बिझीबॉक्सचं इनिटआरडी, कंस मोजणारी स्क्रिप्ट, बूट करून लॉग साठवणारी स्क्रिप्ट, सगळं एका फोल्डरमध्ये नीट ठेवलं आहे, प्रत्येकाच्या वर मराठीत दोन ओळींची टिपणही लिहिली आहे.

पहिली आरसी मी आली त्या रात्रीच उतरवली. आई म्हणाली उद्या पाणी येणार आहे, पहाटे उठायचंय. कंपाइल लावून झोपले. चार वाजता मोटर लावायला उठले तेव्हा काम झालेलं होतं. टाकी भरेपर्यंत बाहेरच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि टेस्ट स्क्रिप्ट चालवली. नमुन्यांची नावं एकेक करून सरकत गेली, त्यांत आमचे दोन आले. पंधरावाला पास. सोळावाला नापास, कंसांची खोली ओलांडली म्हणून. अप्पा उठून आले होते, त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी विचारलं, "काठाकडनं मोजलं न्हवं?"

मोजलं होतं. टाकी भरली, मोटर बंद केली.